चाल जुनी, हॉबिट नवे

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत, त्यांना पदाच्या डोक्यावरची सूचना आठवत असेल : ‘चाल – अमुक’. आयर्लंड आणि इंग्लंडच्या बाजारांत एकपानी गाणी विकली जायची, त्यांच्यावरही ‘या चालीवर म्हणावे’ असं छापलेलं असे. आज ज्या केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंड-वेल्सकडच्या धाटणीच्या, बँडांविषयी बोलायचंय, ते त्याच परंपरेतले. फक्त त्यांच्या पदांत टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले बुटके हॉबिट येतात, अंतराळयानं येतात आणि, काय सांगू, मांजरंसुद्धा येतात.

ठळक उदाहरण ‘ब्रॉब्डिंगनॅगियन बार्ड्स’चं. 1999 साली टेक्ससमधल्या ऑस्टिनला मार्क गन आणि अँड्र्यू मॅकी या दोघांनी हा बँड काढला. नाव गलिव्हरच्या सफरीतल्या राक्षसांच्या देशावरून घेतलेलं. ते धड उच्चारता आलं की तुम्ही त्यांच्यातले! गनकडे ऑटोहार्प, मॅकीकडे रेकॉर्डर नावाची बासरी. ऑटोहार्प म्हणजे तारा ताणलेली एक पेटी. वरचं बटण दाबलं की एक पट्टी खाली येते, तिच्यावरचे फेल्टचे तुकडे नको त्या तारांवर बसून त्यांना मुक्या करतात, आणि उरलेल्या तारा छेडल्या की आयता कॉर्ड मिळतो. पबमध्ये जमून वाजवायच्या आयरिश बैठकीत, म्हणजे सेशनमध्ये, हे वाद्य सहसा दिसत नाही. डब्लिनच्या पबमधला एखादा जुना फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, नाक मुरडेल, आणि त्याचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पण या दोघांचा श्रोता डब्लिनला नव्हताच. तो होता अमेरिकेतल्या रेनेसाँ फेअरमध्ये. 1963 साली लॉस एंजेलिसला या जत्रांची सुरुवात झाली. लोक सोळाव्या शतकातले झगे घालून येतात, मांसाच्या तंगड्या चघळतात, गाणाऱ्यांभोवती कोंडाळं करतात. यातलीच बरीच मंडळी पुढे अटलांटाच्या ड्रॅगन कॉनसारख्या विज्ञानकथा-फँटसीप्रेमींच्या संमेलनात भेटतात. झगा तोच, कानांना टोकं नवीन.

आता या गीक, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीवेड्या, मंडळींना केल्टिक संगीतच का हवं? मला वाटतं, खरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. या चालींना मालक नाही. सिनेमातल्या गाण्यावर विडंबन करून विकायला गेलात तर वकिलाची नोटीस येऊ शकते. ‘व्हिस्की इन द जार’ या आयरिश लोकगीताच्या पारंपरिक चालीवर कोणीही काहीही लिहावं. गनने 2005 साली मांजरप्रेमींसाठी दारू पिताना म्हणायच्या आयरिश गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, त्यात या गाण्याचं झालं ‘व्हिस्कर्स इन द जार’, म्हणजे मिशा! शिवाय ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. ज्याला आपल्या लाडक्या कथेत नुसतं वाचक म्हणून राहायचं नाही, त्याला एवढी संधी पुरते. अर्थात यातली पुष्कळ गाणी दुसऱ्या कडव्यातच दमतात. विनोद कळून चुकतो, चाल मात्र अजून चार कडवी शिल्लक असते.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनचं नाव इथे सारखं निघतं, आणि गंमत तिथेच आहे. आपल्या कथांतली नावं केल्टिक नाहीत, असं टॉल्किनने 1937 साली प्रकाशकाला ठणकावून लिहिलं होतं. केल्टिक गोष्टींविषयी नावडही बोलून दाखवली होती. हाच गृहस्थ वेल्श भाषेच्या नादावर मात्र लुब्ध होता, आणि सिंडारिन ही त्याच्या कथांतल्या एल्फ या कल्पित जमातीची भाषा त्याने वेल्शच्या वळणावर घडवली. पुढे त्या कादंबरीवर सिनेमा आला तेव्हा संगीतकार हॉवर्ड शोरने हॉबिटांच्या गावाला व्हिसल ही छोटी बासरी आणि बोधरान हा डफ ही आयरिश वाद्यं दिली. 2001च्या पहिल्या भागाच्या शेवटी आयर्लंडची गायिका एन्या हिचा आवाज आला, आणि लेखकाच्या तक्रारीला अर्थच उरला नाही.

हे सगळं अमेरिकेतच घडलं असंही नाही. 1991 साली नोबुओ उएमात्सू या जपानी संगीतकाराने ‘फायनल फँटसी फोर’ या व्हिडिओ गेमच्या धुना डब्लिनला नेऊन आयरिश वादकांकडून वाजवून घेतल्या. ‘केल्टिक मून’ हा तो अल्बम. वाद्यमेळ फिडलवादक मॉइरे ब्रानाख यांनी बांधला. विडंबन नाही, शब्दच नाहीत. गेमच्या चिपमधून टिकटिकत येणारी धून तिथे फिडलवर नाचायला लागते.

आता बोलणं थांबवतो आणि तीच लावतो. आधी गेममधलं मूळ, मग डब्लिनचं. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना?