नऊ बाय चारचा कारखाना

[दृश्य: सकाळची बाल्कनी. दोरीवर कपडे, कठड्याशी तुळस, कोपऱ्यात रिकामा सिलिंडर. एक हात येतो, कपडे काढून घेतो, दोरी सोडून गुंडाळतो.]

पुण्यातल्या एका इमारतीचा तिसरा मजला. ही आमची बाल्कनी. लांबी ९ फूट, रुंदी ४ फूट. कपडे इथेच वाळतात, तुळस इथेच आहे, आणि सहा वर्षांपासून मी सुतारकाम करते तेही इथेच.

घरी येणारे लोक आधी बाल्कनीकडे बघतात, मग माझ्याकडे. एवढ्याशा जागेत हे जमतं कसं, असा प्रश्न असतो. त्याचं उत्तर मला इथे सापडलं नाही. ते मी लहानपणीच पाहिलं होतं, फक्त लक्षात यायला उशीर झाला.

[दृश्य: जुन्या घराची रिकामी ओसरी. जमिनीवर एक पोतं अंथरलेलं.]

सातारा जिल्ह्यात आमचं गाव. वर्षातून दोनतीनदा सुतारमामा घरी यायचे. ओसरीवर पोतं अंथरायचे आणि त्यावर बसायचे. डाव्या हाताला लाकूड तासायचा वाकस आणि करवत, उजव्या हाताला लाकूड गुळगुळीत करायचा रंधा, पुढ्यात लाकूड कोरायच्या तीनचार पटाशा, काटकोन बघायचा गुण्या आणि भोक पाडायचं गिरमिट. दाराची चौकट असो नाहीतर पाळण्याचा दांडा, सगळं काम बसून. फळी धरायची पायाने. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात ती अशी आवळलेली असायची की करवत चालताना हलायची नाही. दिवसभरात हत्यार घेण्यासाठी त्यांना उठावं लागल्याचं मला आठवत नाही.

बारा बलुतेदारांत सुतार होता. गावभर फिरून काम करणारा माणूस जेवढं खांद्यावर नेईल तेवढाच त्याचा कारखाना. आपल्याकडचं हे काम मुळातच पोत्याएवढ्या जागेत वाढलंय. जपानमध्येही सुतार असेच जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करत आले आहेत. सुतारकाम म्हणजे मोठी शेड आणि मधोमध मोठं टेबल हे चित्र आपल्या डोक्यात नंतर आलं.

[दृश्य: बाल्कनीत जमिनीवर टेप पसरलेला.]

सुरुवातीला मीही त्या चित्राच्या मागे होते. करवतीचं मशीन घ्यायचं म्हणून टेप घेऊन जागा मोजायला बसले. मशीनची रुंदी २ फूट, म्हणजे सहज बसेल असं वाटलं. मग ध्यानात आलं की मशीनला लागणारी जागा मशीनएवढी नसते. ४ फुटांची फळी कापायची तर कापण्याआधी ती ४ फूट पुढे असणार आणि कापून झाल्यावर ४ फूट मागे. मधे मशीनचे २ फूट. झाले १०. आमची बाल्कनी ९.

लहान जागेचं सगळं गणित यात आहे. टेबलावरच्या मशीनमध्ये लाकूड चालतं, हातकामात हात चालतो. लाकूड जागचं हलणार नसेल तर ४ फुटांच्या फळीला ४ फूट आणि आपल्याला उभं राहण्यापुरती जागा, एवढंच लागतं. हातात धरायचं ड्रिल किंवा लाकडात खाचा पाडणारा लहान राउटर म्हणूनच घरात चालून जातं. लाकूड एका जागी असतं, यंत्र त्याच्यावरून फिरतं.

मग एकच काम उरतं: लाकूड घट्ट धरणं. सुतारमामांच्या अंगठ्याचं काम कोण करणार?

[दृश्य: अरुंद, जड टेबल. एक टोक भिंतीला टेकलेलं.]

हे माझं टेबल. ४ फूट लांब, १६ इंच रुंद, उंची स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी. वरची फळी म्हणजे १९ मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवलेले. पाय जुन्या वाड्याच्या वाशांचे. पेठांमधले वाडे पडतात तेव्हा त्यांचं लाकूड वखारीत येतं, काही तुकडे रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात मिळतात. त्यात खिळे तुटून आत राहिलेले असतात. म्हणून रंधा लावायच्या आधी लोहचुंबक फिरवायचं. एका खिळ्याने पात्याची धार जाते.

टेबल हलकं असलं की रंध्यासोबत पुढे सरकतं. त्यावर दोन उपाय केले. खालच्या फळीवर २० किलो वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या. आणि टेबलाचं टोक आडव्या भिंतीला भिडवलं, मधे गाडीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. रंध्याचा सगळा जोर टेबलाच्या लांबीच्या दिशेने जातो, तो भिंत घेते. पायांखालीही ट्यूबचेच तुकडे आहेत. ते मात्र खालच्या मजल्यासाठी. पटाशीवर ठोकलं की आवाज हवेतून जातो त्याहून जास्त स्लॅबमधून उतरतो.

[दृश्य: अगदी जवळून. एक लहान फळी, तिच्यावर पट्टी. हात ती टेबलाच्या कडेला अडकवतो.]

पण टेबलाच्याही आधी एक वस्तू बनवा, असं मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. साधारण १० इंच लांब, ७ इंच रुंद फळीचा तुकडा घ्या. एका टोकाला वरच्या अंगाला आडवी पट्टी मारा, दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाला. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते. वरच्या पट्टीला लाकूड टेकवायचं, डाव्या हाताच्या तळव्याने दाबायचं आणि करवत पुढे ढकलायची. करवतीचा जोर लाकडाला पट्टीवर दाबतो, पट्टी फळीला टेबलावर. जितका जोर लावाल तितकी पकड घट्ट. लाकूड आवळून धरणारा शिकंजा नको, स्क्रू नको.

मी पहिले चार महिने फक्त हीच फळी स्वयंपाकघराच्या ओट्याला अडकवून काम केलं. आईचा स्वयंपाक आटोपला की माझं काम सुरू. काम झालं की फळी पोळपाटाशेजारी उभी.

[दृश्य: दिवाणाखालून लाकडी पेटी बाहेर येते. झाकण उघडतं.]

हत्यारं या पेटीत मावतात आणि पेटी दिवाणाखाली जाते. एक करवत. एक लोखंडी रंधा. दोन पटाशा, पाव इंची आणि अर्धा इंची. गुण्या, टेप, लाकडी हातोडा. चार शिकंजे. बाकीचं नंतर, गरज पडेल तसं. रंधा मी आधी स्वस्तातला घेतला होता. त्याचा तळ सपाट नव्हता आणि तो सपाट करण्यात दोन रविवार गेले. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर रंध्यात घाला.

प्लायचं अख्खं पान ८ बाय ४ फुटांचं असतं. आमच्या लिफ्टमध्ये ते जात नाही, जिन्याच्या वळणावरही अडतं. म्हणून मापं कागदावर लिहून नेते आणि वखारीतच तुकडे करून आणते. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मशीनवर साइज मारून मिळतात. जाड फळ्या आरा मशीनवर चिरून घेते. जड काम तिथे, बारीक काम इथे. तिथे मापं सुतात बोलायची सवय करून घ्यावी लागते. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत, साधारण ३ मिलिमीटर. आणि सागवान मागितलं की कुठलं, असं विचारतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं साग अजूनही सीपी म्हणून ओळखलं जातं. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत नकाशावरून गेला, लाकडाचं नाव राहिलं.

[दृश्य: काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर. पाण्याचे थेंब. पटाशी हळूहळू मागे ओढली जाते.]

लहान जागेत धारेला पर्याय नाही. बोथट पटाशी जोर मागते. जोर लावला की कोपर लांब जातो, अंग झुकतं, आणि ४ फुटांच्या बाल्कनीत कोपर जाऊन जाऊन भिंतीवर आदळतो. धारदार पटाशी मनगटावर चालते.

कुरुंदाचा दगड असेल तर उत्तम. नसेल तर जाड काचेचा तुकडा आणि त्यावर ४००, १०००, २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. पात्याचा उतार साधारण २५ अंशांचा, टोकाला बारीकशी धार ३० अंशांवर. आधी पाठ सपाट करायची. आरशासारखी झाली पाहिजे, निदान टोकाकडचा बोटभर भाग तरी. मग उतार. घासता घासता मागच्या बाजूला लोखंडाची केसाएवढी कड वळते. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. ती लागली म्हणजे पुढची बाजू धारेपर्यंत घासली गेली. पाठ एकदा हलकेच फिरवली की ती कड गळून पडते.

[ध्वनी: निवेदन थांबतं. फळीच्या टोकावरून पटाशी फिरते, सुळ्ळ असा आवाज.]

धार लागली का, हे बघायला मी फळीच्या टोकाकडचा भाग छिलते. तिथे लाकडाच्या नळ्या उभ्या असतात. बोथट पातं त्या चिरडतं, पृष्ठभाग पांढरट आणि खरबरीत दिसतो. धार असेल तर तोच भाग गडद आणि गुळगुळीत निघतो, तेल लावल्यासारखा.

[दृश्य: रंध्यातून निघणारी लांब, पातळ सालपटं.]

आता धूळ. घरात हे काम करायचं तर याकडे काणाडोळा चालणार नाही. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवलं आहे. पॉलिश पेपरने, त्यातही मशीनवर घासताना जी बारीक धूळ उडते, ती तासन्‌तास हवेत राहते आणि आतल्या खोलीत गाद्यांवर बसते. सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते. म्हणून जिथे रंध्याने भागतं तिथे मी पेपर हातात घेत नाही. रंध्यातून धूळ नाही, सालपटं निघतात. ती केरसुणीने एका फेरीत गोळा होतात. पेपर घासावाच लागला तर एन-९५ मास्क लावते आणि मधलं दार बंद ठेवते.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबद्दलही सांगते, कारण बंद घरात ही चूक महागात पडेल. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाची चिंधी चुरगळून डब्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मी ती पाण्यात भिजवते, मग कठड्यावर पसरून वाळवते आणि नंतरच टाकते.

आवाजाचा कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबलची मर्यादा आहे. राउटर याच्या कितीतरी पुढे जातो. पण कायद्याआधी शेजार येतो. खालच्या काकूंना मी सुरुवातीलाच जाऊन विचारलं, तुम्ही दुपारी कधी पडता? त्यांनी सांगितलं ती वेळ मी पाळते. राउटर शनिवारी सकाळी अर्धा तास, त्याहून जास्त नाही.

[दृश्य: पाऊस. कठड्यावरून आत येणारी झड. मग मधे तडा गेलेला पाट, उभा ठेवलेला.]

हा माझा पहिला पाट. १८ इंच लांब, १४ इंच रुंद, दोन फळ्या जोडून केलेला. ऑगस्टमध्ये बनवला. खाली दोन आडव्या पट्ट्या, फेव्हिकॉल लावून आणि वर स्क्रू आवळून. इतका घट्ट की त्यावर दोघं उभे राहिले तरी हूं नाही की चूं नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी खोलीत कुणी नसताना तो कडाडला. जोडलेला सांधा शाबूत होता. त्याच्या शेजारी लाकूड उभं फाटलं होतं.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. पावसाळ्यात दारं फुगतात ती याचमुळे. पुण्याची ऑगस्टमधली हवा आणि एप्रिलमधली हवा यांत एवढं अंतर आहे की १४ इंच रुंदीची सागाची फळी एक ते दीड सूत आकसू शकते. माझ्या पट्ट्यांनी तिला आकसू दिलं नाही, म्हणून ती फाटली. लाकूड ऐंशी वर्षांच्या वाड्यातलं होतं. जुनं लाकूड हलत नाही, असं मला वखारीत सांगितलं होतं आणि मीही मान डोलावली होती. जुनं लाकूडही हलतं.

मग गावी गेले तेव्हा आजीचा पाट उलटा करून बघितला. इतक्या वर्षांत मी त्यावर जेवले होते, बसले होते, तो उलटा कधी केला नव्हता. पट्ट्यांना एकही खिळा नाही. पाटात आडवी खाच, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, आणि पट्टी बाजूने सरकवून बसवलेली. पाट सपाट राहतो, पण पट्टीवरून मागेपुढे सरकायला मोकळा असतो. कुणी केला, विचारलं. आजी म्हणाली, "अगं, आपल्याच सुतारमामांनी. इथेच, ओसरीवर."

[दृश्य: टेबलावर नवा पाट, उलटा. गुण्याने रेघ, करवतीने तिरपा काप, पटाशीने खाच. नंतर पट्टी बाजूने हळूहळू आत सरकते.]

ही खाच करायला मला तीन आठवडे लागले. करवत किती तिरपी धरायची ते कळावं म्हणून आधी एक तिरपा ठोकळा करून घेतला आणि करवत त्याला टेकवून चालवली. मधला भाग पटाशीने काढला. पट्टी एका टोकाला किंचित अरुंद ठेवली, म्हणजे सुरुवातीला सैल जाते आणि शेवटच्या दोन इंचांत आवळत येते. फेव्हिकॉल नाही. मधोमध फक्त एक लाकडी खुंटी, पट्टी निसटू नये म्हणून.

[दृश्य: संध्याकाळ. हत्यारांवर शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरतो. पेटी बंद. सालपटं तुळशीच्या कुंडीशेजारच्या पिशवीत. दोरी पुन्हा बांधली जाते. कॅमेरा पाटाच्या कडेवर येतो.]

पाट मार्चमध्ये पुरा झाला. तेव्हा पट्टीची टोकं पाटाच्या कडेशी सपाट होती. ऑगस्टमध्ये बोट फिरवलं, तर टोकं नखभर आत गेली होती. आता पुन्हा एप्रिल आहे.

[दृश्य: अगदी जवळून. बोट पाटाच्या कडेवरून फिरतं, पट्टीच्या टोकावर थांबतं. कड आणि टोक सपाट. मागे दोरीवर ओले कपडे.]