खुर्ची पिवळी, बेरीज शून्य

[दृश्य: बालगंधर्व रंगमंदिर, रविवार सकाळ]

जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर. १९६८ पासून पुणेकर इथं नाटकाला येतात. खिडकीत ठेवलेला छापील प्लॅन आणि विकल्या गेलेल्या खुर्चीवर पेनानं मारलेली फुली अनेकांना आठवत असेल. आता प्लॅन मोबाइलवर उघडतो.

[दृश्य: कर्वेनगर. छोटं ऑफिस, स्क्रीनवर अर्धवट झालेलं बुकिंगचं पान]

इथं असंच एक पान तयार होतंय. बोट एफ-१२ वर टेकतं. खुर्ची पिवळी होते. खाली '१ तिकीट' उमटतं. रक्कम ४०० होते. इतका वेळ करडं पडलेलं 'पुढे जा' बटण जागं होतं. टिचकी एक, बदल चार.

२००६ साली जेक्वेरी, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतलं तयार कोडचं गाठोडं, आलं आणि पान हलवणं पुष्कळ सोपं झालं. पण हे चारही बदल एकेक करून हातानंच लिहावे लागत. रकमेचा कोपरा शोधा, जुना आकडा पुसा, नवा घाला. खुर्ची सोडली तर सगळं उलटं. खुर्ची राखून ठेवायची वेळ संपली तर पुन्हा तेच, तिसऱ्या ठिकाणी. एखादी ओळ राहून जातेच. मग खुर्ची पिवळी आणि बेरीज शून्य. गिऱ्हाईक फोन करणार आणि डेव्हलपर म्हणणार, "माझ्याकडे तर नीट दिसतंय!"

फेसबुकमधल्या जॉर्डन वॉक यांनी वेगळी वाट काढली. मे २०१३ मध्ये त्यांचं रिॲक्ट, म्हणजे स्क्रीन उभी करायचं जावास्क्रिप्टमधलं साधन, सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं (पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेसारखं) काहीतरी लिहायचं, हे पाहून अनेकांनी नाकं मुरडली. वाद रंगला तो लिहिण्याच्या पद्धतीवर. खरी गंमत दुसरीकडेच होती. काय काय बदलायचं ते सांगत बसू नका. हाताशी अमुक माहिती असेल तर स्क्रीन कशी दिसावी, एवढंच सांगा.

[दृश्य: कोड, अगदी जवळून]

हे बघा. खुर्ची हा एक कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा एक सुटा तुकडा. नंबर, दर आणि स्थिती त्याला बाहेरून मिळते. एकूण रकमेशी त्याचं काही देणंघेणं नाही. निवडलेल्या खुर्च्यांची यादी वरच्या, प्लॅनच्या कंपोनंटकडे. आणि रक्कम? ती कुठेच साठवलेली नाही. दर वेळी यादीवरून मोजली जाते. साठवलेलीच नाही, तर मागे राहणार कशी? नवशिके नेमके इथंच घसरतात. रकमेसाठी वेगळी स्टेट, म्हणजे बदलती माहिती साठवायची जागा, करतात आणि जुनं दुखणं मागच्या दारानं घरात घेतात.

यादी बदलली हे फ्रेमवर्कला, म्हणजे रिॲक्टसारख्या साधनाला, कळतं कसं, यात मात्र प्रत्येकाचा खाक्या निराळा. रिॲक्टला तुम्हीच सांगायचं. त्यातही जुन्याच ॲरेत (कोडमधल्या यादीत) एफ-१३ ढकलून तोच ॲरे परत दिलात, तर त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही. ॲरे नवा हवा. मग ते नवं चित्र मांडतं, जुन्याशी ताडून पाहतं आणि फरकापुरतंच पान बदलतं. इव्हान यू यांचं व्ह्यू आलं २०१४ मध्ये. ते पाळत ठेवतं. कुणी कोणता डेटा वाचला, याची नोंद त्याच्याकडे असते. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ॲरेतला घटक क्रमांकानं थेट बदलला, तर त्याला पत्ताच लागत नसे. २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रॉक्सी, म्हणजे डेटातला प्रत्येक बदल टिपणारी मधली पहारेकरीण, आली आणि ती खोट गेली. रिच हॅरिस यांचं स्वेल्ट २०१६ चं. ते बरंचसं काम कंपायलरकडून (लिहिलेला कोड रूपांतरित करणाऱ्या प्रोग्रामकडून), कोड ब्राउझरपर्यंत पोचण्याआधीच उरकून घेतं.

हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये यातलं श्रेष्ठ कोणतं, यावर वाकड येईपर्यंत वाद चालू शकतो. चालू द्या. यादी कुणाकडे ठेवायची हे चुकलं, तर तिन्ही सारखीच रडवतात.

[दृश्य: दोन मोबाइल, शेजारी शेजारी]

एक गोष्ट मात्र यातल्या कुणाच्याच हातात नाही. वारज्यातून एकानं आणि विमाननगरातून दुसरीनं एकाच क्षणी एफ-१२ दाबली, तर खुर्ची कुणाची हे सर्व्हर ठरवतो. उत्तर येतं, यादी बदलते, हरलेल्याच्या स्क्रीनवर खुर्ची करडी पडते, रक्कम ४०० नं उतरते. सगळं आपोआप, आणि चकार शब्द न काढता. म्हणून कर्वेनगरात आज प्लॅनच्या वर एक पट्टी जोडली जातेय: 'एफ-१२ नुकतीच गेली. एफ-१३ मोकळी आहे, घेता का?'