चांगल्या दिवसाचा मोह

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते आहे आणि ज्यांनी 'व्यायाम करा' हा सल्ला डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांकडून ऐकला आहे, त्यांच्याशी मला आज बोलायचे आहे. मी स्वतः नऊ वर्षे हे दुखणे सोसतो आहे. व्यायामाचे महत्त्व पटूनही सकाळी अंथरूण सोडवत नाही, ही अवस्था मला चांगली ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली असून कंबरेचे पट्टे सरसकट वापरू नयेत, असे म्हटले आहे. दुखणे जुने झाले की अनेकदा मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील होते आणि नवी इजा नसतानाही कळ उठते. त्या कळेच्या भीतीने आपण हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात आणि पुढच्या वेळी थोड्याशा श्रमानेही कंबर धरते.

परंतु माझा व्यायाम खरोखर कोणी मोडला असेल, तर तो चांगल्या दिवसाने. एका डिसेंबरमध्ये कंबर हलकी वाटली म्हणून मी गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्याहून दोना पावलापर्यंत चालत गेलो आणि उत्साहाच्या भरात चालतच परतलो. नंतर तीन दिवस अंथरुणात काढले आणि पुढे महिनाभर चालण्याच्या नुसत्या विचारानेही अंग आकसत असे. तेव्हा माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला दुखणे मोजायचे सोडून मिनिटे मोजायला लावले. साध्या दिवशी किती मिनिटांनी कळ वाढू लागते, ते तीन वेळा पाहिले. माझ्या बाबतीत ती दहा मिनिटे निघाली, म्हणून आठपासून आरंभ केला आणि आठवड्याला एकच मिनिट वाढवले. कंबर कितीही हलकी असली तरी त्याहून अधिक चालायचे नाही. फारच दुखले तर निम्मे चालावे, पण चुकवू नये. पावसाळ्यात मी घराच्या पडवीतच येरझाऱ्या घालतो.

मात्र पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर चालणे बाजूला ठेवून त्वरित रुग्णालय गाठावे. दुखण्यासोबत ताप असला किंवा विनाकारण वजन उतरत असले, तरीही डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

इच्छेविषयी एवढेच सांगतो, की वजन उतरवण्याच्या संकल्पाने मला एकदाही घराबाहेर काढले नाही. मला हवे होते ते निराळेच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या मूळ घरी घुमट व शामेळ ही चर्मवाद्ये आणि कासाळे, म्हणजे झांजा, यांच्या साथीने आरत्या रंगतात, आणि मी मात्र दोन आरत्यांनंतर भिंतीला टेकत असे. सर्वांबरोबर उभे राहायचे, या एका ओढीने मी पडवीत उतरू लागलो. गेल्या चवथीला पाच आरत्या उभ्याने म्हटल्या. सहाव्या आरतीला बसलो, तेव्हा धाकट्या भावाने आपल्या हातातले कासाळे माझ्याकडे दिले, आणि शेवटच्या आरतीपर्यंत मी ते बसून वाजवले.