दगड मुद्दाम चुकवणारा मुलगा

(दृश्य : ओहोटीचा किनारा. ओल्या वाळूत काडीने पाडलेले खळगे, त्यात साचलेलं पाणी.)

हेन्री अगदी लहान आहे. पाण्याच्या कडेला बसून तो काडीने वाळू उकरतोय. लाटेबरोबर आलेले इवलेइवले पारदर्शक जीव त्याच्या खळग्यांत अडकतात. कुणीतरी आपल्या हुकमात आहे, या आनंदात त्याला आजूबाजूचं भान उरलेलं नाही.

माडाच्या आड रॉजर उभा आहे. हेन्रीपेक्षा बराच मोठा. तो दगड उचलतो, नेम धरतो, फेकतो. दगड हेन्रीच्या बाजूला पाण्यात पडतो. मग दुसरा. मग मूठभर दगड, एकामागून एक.

एकही लागत नाही. रॉजरचा नेम चांगला आहे, पण हेन्रीभोवती सहा यार्डांचं एक रिंगण आहे आणि त्या रिंगणात दगड टाकायची रॉजरची छाती होत नाही. रिंगण कुणी आखलेलं नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचा तो धाक आहे. खरं तर यातलं कुणीही बेटावर नाही. तिकडे ते सगळं युद्धात उद्ध्वस्त होतंय. तरी रॉजरचा हात अजून त्यांचं ऐकतोय.

(दृश्य : जुन्या छापील पुस्तकाची पानं उलटतात.)

विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मधला हा प्रसंग. कादंबरी १९५४ सालची. विमान पडतं, इंग्रज शाळकरी मुलं निर्जन बेटावर अडकतात, सोबत मोठं माणूस एकही नाही. शंख ज्याच्या हातात त्याने बोलायचं, असा नियम ठरतो, आणि पुढे तो मोडतो. गोष्ट बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. या कादंबरीवर बोलताना सगळे शंखाकडे बघतात. मला मात्र रॉजरचं ते रिंगण जास्त महत्त्वाचं वाटतं. शंख फुटतो तो फार उशिरा. त्याआधी रिंगण लहान लहान होत गेलेलं असतं.

गोल्डिंग इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या एका शाळेत शिक्षक होता. वर्गात बसून तो शाळेच्याच वह्यांत लिहायचा. दहा-बारा वर्षांची पोरं काय चीज असतात हे त्याला रोज समोर दिसत होतं, आणि मोठी माणसं काय करू शकतात हे तो दुसऱ्या महायुद्धात, नौदलात बघून आला होता. आपल्या मुलांना तो बेटांवरच्या साहसकथा वाचून दाखवायचा. एके दिवशी तो बायकोला म्हणाला, बेटावर अडकलेली मुलं खरोखर कशी वागतील, हे लिहिलं तर? ती म्हणाली, लिहीच.

त्या साहसकथांमध्ये सगळ्यांत गाजलेली होती बॅलंटाइनची 'द कोरल आयलंड', १८५७ सालची. तिच्यातही मुलांची नावं राल्फ आणि जॅक. गोल्डिंगने ती मुद्दाम उचलली. बॅलंटाइनची मुलं हसतखेळत, नीटनेटकी राहतात. वाईट जे काही आहे ते बाहेरून येतं, चाच्यांच्या किंवा 'रानटी' बेटकऱ्यांच्या रूपाने. गंमत म्हणजे ही गोष्ट पॅसिफिक महासागरात घडते, पण बॅलंटाइनने तो कधी पाहिलाच नव्हता. इंग्लंडच्या दुकानात दिसतो तसा सोललेला नारळ त्याने थेट झाडाला लटकवला! आपल्या कोकणातल्या कुठल्याही पोराने ही चूक जागच्या जागी पकडली असती. पुढे त्याने स्वतःच ती कबूल केली.

गोल्डिंगच्या हातूनही एक चूक झाली. पिगी या जाड मुलाच्या चष्म्याने ऊन एका जागी आणून मुलं आग पेटवतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्वक्र. तसल्या भिंगातून ऊन पसरतं, त्याने कागदसुद्धा पेटणार नाही. तरीही वाचताना ती आग खोटी वाटत नाही.

प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत परत नाकारलं. 'फेबर' या प्रकाशनसंस्थेसाठी हस्तलिखितं वाचणाऱ्या बाईंनीही कंटाळवाणं, निरर्थक असा शेरा मारला होता. तिथल्याच चार्ल्स मॉन्टीथ नावाच्या नव्या संपादकाने ते नाकारलेल्या ढिगातून उचललं, म्हणून आज ते आपल्या हातात आहे.

(दृश्य : उंच कडा, खाली लाटा.)

आता पुन्हा रॉजरकडे. चेहरे रंगवले जातात. डुकराची शिकार होते. वादळी रात्री नाचता नाचता सायमन नावाच्या मुलाला 'श्वापद' समजून सगळे मिळून मारतात, आणि सकाळी बरेच जण म्हणतात, आम्ही तिथे नव्हतोच. मग तो कडा येतो. खाली पिगी, हातात शंख. वर रॉजर, एका प्रचंड धोंड्याखाली अडकवलेल्या ओंडक्यावर रेललेला. तो आपला सगळा भार त्या ओंडक्यावर टाकतो. धोंडा पिगीला घेऊन जातो, शंखाच्या ठिकऱ्या उडतात. या वेळी दगड चुकवावासा त्याला वाटत नाही.

शेवटी राल्फला, म्हणजे मुलांनी सुरुवातीला निवडलेल्या म्होरक्याला, हुसकून बाहेर काढण्यासाठी पेटवलेलं रान बघून ब्रिटिश नौदलाचा अधिकारी किनाऱ्यावर येतो. पांढरी टोपी, कमरेला रिव्हॉल्व्हर. म्हणतो, इंग्रज मुलांकडून याहून बरी अपेक्षा होती. 'कोरल आयलंड'ची आठवणही काढतो. मुलं रडू लागतात, तेव्हा तो अवघडून नजर वळवतो ती दूर उभ्या असलेल्या आपल्या युद्धनौकेकडे. हा गणवेश एके काळी गोल्डिंगच्याच अंगावर होता.

(दृश्य : दक्षिण पॅसिफिक. समुद्रातून सरळ वर आलेलं खडकाळ बेट.)

हे झालं कादंबरीतलं. १९६५ साली टोंगाच्या एका शाळेतली सहा मुलं होडी चोरून पळाली, वादळात सापडली आणि अटा नावाच्या ओसाड बेटाला लागली. पंधरा महिने तिथे राहिली. आग विझू दिली नाही. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं, डोकं थंड झालं की परत यायचं. एकाचा पाय मोडला, तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो नीट बसवला. अर्ध्या करवंटीची गिटारही केली. १९६६च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सापडली. घरच्यांनी तोवर त्यांचे अंत्यविधी उरकले होते. परत येताच होडीच्या चोरीबद्दल पोलिसांनी त्यांना आत टाकलं!

गोल्डिंग खोटा पडला, असं या मुलांचा दाखला देऊन सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ती सहा जणं आधीपासूनची मित्र होती. गोल्डिंगची बरीचशी मुलं एकमेकांना धड ओळखतही नव्हती.

पण अटावर ती खात काय होती? रानात वाढलेली केळी, अळकुड्या, कोंबड्या. बेट पूर्वी ओसाड नव्हतं. १८६३ साली, म्हणजे 'कोरल आयलंड' आल्यावर सहाच वर्षांनी, देवमाशांची शिकार करणारं 'ग्रेशियन' हे जहाज तिथे आलं. व्यापाराच्या मिषाने सुमारे १४४ माणसं जहाजावर घेतली आणि पेरूच्या गुलामबाजाराकडे नेली. उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. त्यांची केळीची बनं तिथेच राहिली. कोंबड्या रानात शिरल्या आणि रानटी झाल्या. शंभर वर्षांनी या सहा पोरांनी त्या पकडल्या आणि पुन्हा खुराड्यात पाळल्या.