आधी रेदरी, मग ओहोटी

मंडळी, फ्रान्समधल्या शनिवार-रविवारच्या सहलींवर बोला, असं मला सांगितलं गेलं तेव्हा सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पॅरिस होतं, हे मला कळत होतं. मी पॅरिसवर बोलणार नाही. मी नऊ वर्षं राहिले ती आमियेंला. पॅरिसहून उत्तरेकडे रेल्वेनं सव्वा तास. या मुलखाचं जुनं नाव पिकार्डी. शेतात बटाटा आणि बीट, आकाशात ढग. पर्यटकांच्या यादीत आमियेंच्या नावापुढे फार तर तेराव्या शतकातलं कॅथीड्रल असतं. पण सप्टेंबर उजाडला, शाळा सुरू झाल्या, उन्हाळी गर्दी आपापल्या घरी गेली, की या भागात खरी सुट्टी सुरू होते असं माझं मत झालंय. ती सुट्टी काय असते, तेवढंच आज सांगते.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला दार वाजलं. शेजारच्या मादाम. वय चौऱ्याहत्तर. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात चाकांची भाजीची पिशवी. "चला, उशीर झाला." मला वाटलं, कुणाला तरी बरं नाहीये. बाहेर मिट्ट काळोख. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथं सूर्य उगवतो आठच्या सुमारास. आणि त्या काळोखात गावातल्या फुटपाथांवर शेकडो विजेऱ्या हलत होत्या. माणसं वाकून खोक्यांत बघत होती. कुणी बोलत नव्हतं. मला क्षणभर वाटलं, कुणाचं तरी काही हरवलंय आणि अख्खं गाव शोधतंय.

ती आमियेंची रेदरी. रेदरी हा त्या भागातलाच शब्द, वर्षातून दोनदा भरते, वसंतात आणि शरदात. जुन्या वस्तूंच्या बाजाराला फ्रेंचमध्ये बरीच नावं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ब्रोकांत म्हणजे धंदेवाईक जुनेबाजारवाल्यांचा बाजार. व्हीद-ग्रनिए म्हणजे शब्दशः 'माळा रिकामा'. आपल्या-तुपल्यासारखी माणसं घरातलं अडगळीचं सामान घेऊन रस्त्यावर बसतात. याला कायदा आहे बरं का. साध्या माणसाला वर्षातून दोनदाच असं बसता येतं, विकायचं ते स्वतःचं, वापरलेलं, आणि तसं लिहून द्यावं लागतं. धंदेवाल्याला तर कुठली वस्तू कुणाकडून घेतली याची नोंदवही ठेवावी लागते. चोरीचा माल फिरू नये म्हणून पोलीस ती केव्हाही मागू शकतात.

असल्या बाजारांत सगळ्यात प्रचंड ती उत्तरेतल्या लील शहराची ब्रादरी, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी. मूळ बाराव्या शतकातल्या जत्रेचं. तिथं जुन्या वस्तूंइतकंच महत्त्व शिंपल्यांना. गावभर लोक उकडलेले शिंपले आणि तळलेले बटाटे खातात आणि खानावळवाले रिकाम्या शिंपल्यांचे काळे ढीग दारासमोर रचतात, कुणाचा उंच याची चढाओढ. 2016 साली सुरक्षेच्या भीतीनं ती रद्द झाली तेव्हा आमच्या मादाम आठवडाभर नीट बोलल्या नाहीत. पॅरिसजवळ शातूला तर जुन्या वस्तू आणि हॅम यांची एकत्र जत्रा भरते. का? कारण मुळात ती हॅमचीच जत्रा होती, जुनं लोखंड विकणारे नंतर शेजारी येऊन बसले आणि राहिले. मला हे उत्तर फार आवडतं.

या सगळ्या खटाटोपाला एक क्रियापद आहे, शिने. एशीन म्हणजे पाठीचा कणा, आणि एशीने म्हणजे कणा मोडेस्तोवर राबणं. त्याच्यातून घासून निघालेला शब्द शिने. आज त्याचा अर्थ जुन्या वस्तू हुडकत फिरणं. त्या पहाटे मला तो शब्द माहीत नव्हता, पण संध्याकाळी कंबरेनं तो शिकवला.

आता घासाघीस. आपल्याला वाटतं, युरोपात भाव ठरलेले असतात. अहो, कसले! फक्त पद्धत वेगळी. सुरुवात नमस्कारानं करायची. 'बाँझूर' न म्हणता वस्तू उचलली तर भाव तिथंच वाढला समजा. मग वस्तू खाली ठेवायची. दुसरंच काही बघायचं. मग सहज विचारायचं, "यात थोडं काही करता येईल का?" 'कमी करा' असं म्हणायचं नाही. आणि सगळं अहो-जाहोमध्ये. माझी आणि मादामची नऊ वर्षांची ओळख, तीही शेवटपर्यंत अहो-जाहोचीच राहिली. जिव्हाळ्याला तिकडे एकेरीची गरज पडत नाही.

त्या बाजारात सगळ्यात स्वस्त काय असेल? लाकडी कपाटं. नॉर्मंडीकडची ओकची, लग्नात मुलीबरोबर यायची ती. वरच्या पट्टीवर कोरलेली कबुतरांची जोडी, फुलांची परडी. आता ती कुणी घेत नाही. नव्या घरांत ती जिन्यातून वर जात नाहीत आणि गेली तर छताला लागतात. पण त्या कपाटांच्या आत जे असायचं त्याला अजून गिऱ्हाईक आहे: तागाच्या चादरी. जाड, जड, हाताला खरबरीत. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं फुलीच्या टाक्यात दोन अक्षरं, एक माहेरच्या आडनावाचं, एक सासरच्या. मादाम चादर प्रकाशासमोर धरायच्या आणि मधोमध बघायच्या. चादर मधे विरली की बायका ती उभी कापून कडा आत घेऊन पुन्हा शिवायच्या. मधे शिवण असली तर भाव निम्मा. मी अशी शिवणवालीच घेतली. निम्म्या भावासाठी म्हणा, किंवा आमच्या आजीच्या नऊवारीची दंड घातलेली पातळं आठवली म्हणून म्हणा.

आणि मग पोस्टकार्डांचं खोकं. बुटांच्या खोक्यांत गावांप्रमाणे लावलेली हजारो कार्डं. आमियेंच्या खणात कॅथीड्रलमधला रडणारा देवदूत पन्नास वेळा तरी, कारण पहिल्या महायुद्धात या आघाडीवरच्या सैनिकांनी तेच कार्ड घरोघरी पाठवलं. मी पुढे सरकत गेले आणि 'ऑर्लेआं' अशा चिठ्ठीमागे एक कार्ड निघालं. तंबू, धूर, पितळी भांडं घासणारे दोन फेटेवाले, बाजूला बरेटवाला फ्रेंच पोरगा टक लावून बघतोय. खाली छापलेलं, 'इंदूंची छावणी'. फ्रेंच लोक तेव्हा भारतातल्या प्रत्येकाला इंदू म्हणत, म्हणजे हिंदू. मग तो शीख असो की मुसलमान.

सप्टेंबर 1914 च्या अखेरीस हिंदी सैन्य मार्सेला उतरलं, ऑर्लेआंला थांबलं आणि तिथून उत्तरेला आघाडीवर गेलं. त्या वर्षी फ्रान्समध्ये आलेल्या पलटणींत एक होती पूना हॉर्स. 1817 मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहातून उभं राहिलेलं घोडदळ. नाव पुण्याचं, मात्र 1914 च्या सुमारास घोड्यावर बसणारे बरेचसे राजपुतान्यातले. 14 जुलै 1916 ला, सोम नदीकाठच्या लढाईत, आमियेंहून मोटारीनं तासाभराच्या आतल्या एका जंगलापाशी त्यांच्याच ब्रिगेडमधली डेक्कन हॉर्स भाले घेऊन दौडत गेली. यंत्रतोफांच्या काळात भाले! आणि नव्ह-शापेल गावात हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, 1927 चं, त्यावर साडेचार हजारांहून जास्त नावं आहेत. तुमच्यापैकी कुणी लीलला गेलात तर तिथं जाऊन या. एवढं सगळं माहीत असूनही मी त्या क्षणी भाव विचारला. तीन युरो. मी म्हटलं, दोन? विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्यासाठी दोन." 'तुमच्यासाठी' म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही.

दुपारी समुद्र. हा मादामचा नियम: सकाळी रेदरी, दुपारी सोमची खाडी. गाडीनं तासभर. सां-व्हालेरी नावाचं गाव आहे. 1066 च्या सप्टेंबरात नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकायला इथूनच निघाला, तेही वारा फिरायची वाट बघत बरेच दिवस थांबून. पण या खाडीवर जाताना घड्याळ नव्हे, भरती-ओहोटीचं पुस्तक बघायचं. तिथं प्रत्येक घरात ते फ्रिजला टांगलेलं असतं. दर भरतीला तिचा जोर सांगणारा एक आकडा दिलेला, 20 ते 120 च्या मधला. आपण उधाण आणि भांग म्हणतो, ते म्हणतात जिवंत पाणी आणि मेलेलं पाणी. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनात, आकडा शंभरच्या वर चढतो. कोकणातल्या कोळ्याला सांगायला नको, पण उधाणाची भरती एका किनाऱ्यावर नेहमी ठराविक वेळेलाच येते; इथं ती भर दुपारी आणि मध्यरात्री.

त्या रविवारी आकडा लहान होता, पाणी संध्याकाळी यायचं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा खाडीत खाडी नव्हतीच. नजर पोहोचेल तिथवर राखाडी वाळू. मीठ खाल्लेल्या गवतावर मेंढ्या. त्यांच्या मटणाला याच गवतामुळे मान. उर्देलच्या टोकाकडे वाळूवर सील पहुडलेले; त्यांच्यापासून 300 मीटर लांब राहायचं, नाहीतर ते दचकून पाण्यात जातात आणि पिल्लं मागे राहतात. आणि वाळूभर, दूरदूर, वाकलेली माणसं. कुणाच्या हातात दाताळं, कुणाच्या बादली. शिंपल्या वेचणारे. सकाळचीच माणसं जणू, फक्त विजेऱ्या नव्हत्या.

मी हौसेनं आत गेले. मादामनी सांगितलं होतं, पायवाटा सोडू नका. शंभर पावलांवर माझा उजवा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला. पाय निघाला, बूट नाही निघाला. एका पायात मोजा घालून मी परत आले. मादाम हसल्या नाहीत. पिशवीतून सकाळी घेतलेले लाकडी तळाचे जुने खडावांसारखे जोडे काढले आणि म्हणाल्या, "बघा, उगीच घेतले म्हणत होतात."

धक्क्यावर बाकावर बसून गातो बात्यू खाल्ला, तिकडचा उंच, लोण्या-अंड्यांचा गोड ब्रेड. मग मी ते कार्ड काढलं. मागचं अक्षर जुन्या वळणाचं, मला लागेना. मादामनी चष्मा लावून वाचलं. कुणा बहिणीनं बहिणीला लिहिलेलं. ट्रंक मिळाली का. खोकला कमी आहे. लोणी महागलंय. लुसिएंचं पत्र नाही.

"आणि यांच्याबद्दल?" मी फेटेवाल्यांवर बोट ठेवलं.

त्यांनी कार्ड पुन्हा उलटसुलट केलं. "काही नाही. गावात मिळत होतं, म्हणून घेतलं असेल." मग पुस्तक बघितलं, खाडीकडे बघितलं. लांबवर एक बारीक चमकती रेघ सरकत होती. शिंपलेवाले बादल्या उचलून काठाकडे यायला लागले होते.