फुलातला थ्रिप्स ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की एक-दीड मिलिमीटरचे बारीक लांबट किडे सैरावैरा पळायला लागतात, कुठला पिवळा, कुठला तपकिरी, आणि लगेच प्रश्न येतो की हा कुठला थ्रिप्स? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, रंग बघून किंवा फुलाचं नाव ऐकून थ्रिप्सचं नाव कधीही सांगू नका.

रंगाचं असं आहे की थंडीत वाढलेला थ्रिप्स टॅबॅसी (इथे थ्रिप्स हे या किड्यांतल्या एका वंशाचंही नाव आहे) गडद होतो आणि तोच उन्हाळ्यात फिकट पिवळा असतो. फ्रँक्लिनिएला ऑक्सिडेंटॅलिस घ्या, कीटकशास्त्रज्ञ पर्गांडेने 1895 मध्ये वर्णन केलेली प्रजाती, तिच्यात फिकट आणि गडद दोन्ही माद्या सापडतात, आणि जुन्या लोकांनी अशा रंगांच्या फरकावर वेगवेगळी नावं ठेवली, ती आता सगळी एकाच नावाखाली जमा झालीयेत. थ्रिप्स हवाईएन्सिसचंही तेच.

आणि फुलाचं म्हणाल तर प्रौढ थ्रिप्स वाऱ्यावर वाहत कुठेही जाऊन बसतात, परागकण मिळाले तर खातातही, पण म्हणून ते झाड त्यांचं होस्ट, म्हणजे वाढायचं यजमान झाड, होत नाही. मादी करवतीसारख्या अवयवाने झाडाच्या पेशीजालात अंडी घालते, त्यामुळे त्याच झाडावर पिल्लं सापडली पाहिजेत आणि ती वाढवून प्रौढ निघाले पाहिजेत, तेव्हा होस्ट म्हणा. नोंदवहीत "अमुक फुलावर एक मादी" एवढंच असेल तर तेवढंच लिहा, पुढचं काही गृहीत धरू नका.

मग बघायचं काय? अंगावरचे केस! त्यासाठी नीट स्लाईड लागते. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवायचा, सौम्य कॉस्टिक सोड्यात आतला मऊ भाग काढायचा, मग चढत्या टक्केवारीच्या अल्कोहोलमधून नेऊन लवंगेच्या तेलात आणि शेवटी कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकात बसवायचा, पंख पसरलेले, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) सरळ. घाई केली की शृंगिका मुडपतात आणि मग खंड सात का आठ हेच कळत नाही.

आता डोक्याकडे या. तीन साधे डोळे त्रिकोणात असतात, त्यातल्या पुढच्या डोळ्याच्याही पुढे केसांची एक जोडी असेल तर फ्रँक्लिनिएलाचा विचार करा, थ्रिप्स या वंशात ती जोडी नसते. पुढच्या पंखाच्या पहिल्या शिरेवर केसांची अखंड रांग आहे का मध्ये गॅप आहे तेही बघा, अखंड रांग फ्रँक्लिनिएलात. पण मला सगळ्यात खात्रीची वाटते ती पोटाच्या आठव्या खंडावरची खूण. तिथे श्वासरंध्राजवळ अगदी बारीक केसांची एक तिरपी ओळ असते, ती रंध्राच्या मागे आणि मध्याकडे असेल तर थ्रिप्स वंश, पुढे आणि बाहेरच्या अंगाला असेल तर फ्रँक्लिनिएला. हे फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपशिवाय दिसायला फार अवघड जातं, साध्या लेन्सचा इथे उपयोग नाही. वंश ठरला की प्रजातीकडे, म्हणजे त्याच आठव्या खंडाच्या मागच्या कडेला दातांचा कंगवा पूर्ण असेल तर ऑक्सिडेंटॅलिसच्या बाजूचा एक पुरावा, त्याच वंशातल्या फ्रँक्लिनिएला शुल्झीमध्ये तसा पूर्ण कंगवा नसतो. एका खुणेवर थांबू नका मात्र.

आणि कशातच बसला नाही तर? नवीन प्रजाती म्हणायची घाई नको. थ्रिप्सच्या 6000 च्या वर प्रजाती वर्णन झाल्यात, आधी जुनी वर्णनं, समानार्थी नावं, म्युझियममधले टाईप नमुने (ज्यांच्यावर प्रजातीचं नाव ठरलं ते मूळ नमुने) बघून घ्या. एकाच मादीवर वर्णन करणं मला पटत नाही, लहान-मोठ्या, फिकट-गडद अशा बऱ्याच माद्या हव्यात आणि नरही हवेत, कारण नराच्या पोटाखालच्या ग्रंथींच्या जागा बरंच काही सांगून जातात. मापं एका नगाची देऊ नका, रेंज द्या. होलोटाईप, म्हणजे नवीन नाव ज्याच्यावर ठरतं तो एकच नमुना, कुठला आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे 2000 पासून स्पष्ट लिहावंच लागतं, आणि फक्त ऑनलाईन प्रसिद्ध करत असाल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाईन नोंदणीत आधी नोंद हवी. डीएनए काढायचा असेल तर अख्खा किडा न चिरडता काढता येतो, आणि उरलेल्या कवचाची स्लाईड करून त्याच नंबरने ठेवा, म्हणजे सिक्वेन्स आणि केस दोन्ही एकाच नगाचे राहतील.