पान नंबर आहे, पण पुस्तक कुठलं?

श्रोतेहो, नमस्कार.

वाशीतल्या रिक्षावाल्याला "सेक्टर दहा" म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. पण गावाहून येणाऱ्या पाहुण्याला फोनवर नुसतं "सेक्टर दहा" सांगून बघा. सेक्टर दहा वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, कोपरखैरण्यातही आहे. शोधनिबंधातल्या संदर्भांबद्दल बोलायचं ठरवलं तेव्हा मला हेच आठवलं.

ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काम केलं. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मिठागरांवरचा प्रकल्प दाखवायला आली. मेहनत पानापानावर दिसत होती. एका आकड्याखाली तळटीप होती: "ठाणे गॅझेटियर, पान ३१२". मी विचारलं, "बाळा, कुठलं गॅझेटियर?" ती गप्प झाली. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालचं जुनं गॅझेटियर १८८२ सालचं. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड, तोही दोन भागांत. गावांची आणि स्थळांची माहिती पुन्हा वेगळ्या, चौदाव्या खंडात. शिवाय राज्य सरकारने काढलेली सुधारित आवृत्ती १९८२ची. दोन्हींच्या मधे शंभर वर्षं, त्यात इंग्रजांचं राज्य गेलं, महाराष्ट्र झाला. मग तिचा तो आकडा कोणत्या काळातल्या मिठाचा?

थोडं बोलल्यावर कळलं, तिने गॅझेटियर उघडलंच नव्हतं. कुणाच्या तरी लेखात ही तळटीप होती, ती तिने जशीच्या तशी उतरवली होती. मला तिचा राग आला नाही. संदर्भ कसा द्यायचा हे तिला कुणी बसून शिकवलंच नव्हतं. नियम अगदी साधा आहे: जे तुम्ही स्वतः वाचलं त्याचाच संदर्भ द्या. मूळ ग्रंथ मिळाला नाही तर "अमुक लेखात उद्धृत" असं सरळ लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि ठाणेकरांनी तर मूळ ग्रंथ शोधायचा कंटाळा करू नये. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच गावात आहे!

प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो का? नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण त्या रेल्वेसाठी कोणत्या गावातली किती जमीन गेली हे लिहायचं असेल, तर ते कुठून कळलं हे सांगावंच लागेल.

आता एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. आपली मुलं इंग्रजी लेख वाचतात, त्यातले परिच्छेद मराठीत आणतात आणि खाली काहीच लिहीत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, शब्द तर माझे आहेत." शब्द तुमचे, पण विचार, मांडणी, आकडे त्या माणसाचे. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला असं भाषांतर बरेचदा सापडत नाही, म्हणून ते तुमचं होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्याचा अर्थ मुलं "१० टक्के घ्यायला मोकळीक" असा लावतात. तो चुकीचा आहे. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला मजकूर तर त्या मोजणीत धरतच नाहीत. म्हणजे प्रामाणिकपणे उद्धृत करणाऱ्याला भिण्याचं कारणच नाही.

संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धती असतात; एपीए की एमएलए, हे कॉलेज सांगेल. जी पद्धत धराल ती शेवटपर्यंत धरा. एआयने दिलेली संदर्भयादी मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका. नियतकालिक खरं, लेखकाचं नाव खरं आणि तो लेख कधी छापलाच गेलेला नाही, असं त्यात होतं.

आणि माणसं? नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ म्हणजे सिडको, त्याची स्थापना १९७०ची. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आगरी-कोळी घरांतली म्हातारी माणसं अजून बोलतात. त्यांच्याकडून तासभर ऐकून निबंधात नुसतं "स्थानिकांच्या मते" लिहू नका. त्यांची परवानगी घ्या; नाव, गाव, मुलाखतीची तारीख लिहा. नाव नको म्हणाले तर तेही नोंदवा. पुस्तकाच्या लेखकाला जो मान, तोच त्यांना.

त्या मिठागरांच्या मुलीने पुढे तेच केलं. गॅझेटियरचा खंड, भाग, साल, पान सगळं नीट लिहिलं, आणि त्याच यादीत एका जुन्या आगरी कामगाराचं नाव घातलं. छापलेली प्रत ती त्यांच्या घरी देऊन आली. आजोबांना वाचता येत नव्हतं. नातवाने त्यांच्या नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचून दाखवलं.

नमस्कार.